प्रयोगशाळेला सहाय्यक मिळाला, संगणकाला नाही

महाराष्ट्रातील खाजगी शाळांच्या कर्मचाऱ्यांसाठी १९८१ साली सेवाशर्तींची नियमावली झाली. तिच्या परिशिष्टांत शिक्षकांच्या जोडीने लिपिक, ग्रंथपाल, प्रयोगशाळा सहाय्यक आणि शिपाई ही पदे नावानिशी येतात. यादी वाचायला रूक्ष आहे, पण तिच्यामागे अनुभवाचे शहाणपण होते. विज्ञानाच्या शिक्षकाने तास घ्यायचा. परीक्षानळ्या धुतलेल्या असाव्यात, आम्लाच्या बाटलीवर चिठ्ठी असावी, फुटलेल्या काचसामानाची साठा नोंदवहीत नोंद व्हावी, हे दुसऱ्या माणसाने पाहायचे. वाचनालयाचेही तसेच. शाळेत वस्तू आली की तिला सांभाळणारे माणूसही आले पाहिजे, ही गोष्ट त्या काळी कुणाला पटवून द्यावी लागत नव्हती. त्यानंतर तीनच वर्षांनी भारतातल्या शाळांत संगणक येऊ लागला आणि हे तत्त्व त्याच्यापाशी येऊन थांबले. छपाई यंत्रात कागद अडकणे, पासवर्ड विसरणे, फाइल न उघडणे, मराठीच्या जागी भलतीच अक्षरे दिसणे, अशा रोजच्या अडचणी सोडवायला शाळेत कायमचे माणूस नेमायचे नाही, हा निर्णय गेल्या चार दशकांत प्रत्येक योजनेच्या वेळी पुन्हापुन्हा घेतला गेला. आपल्या शाळांतल्या संगणकाचे जे झाले, त्याचे कारण यंत्रांच्या दर्जापेक्षा किंवा शिक्षकांच्या तथाकथित अनिच्छेपेक्षा या निर्णयात जास्त सापडते, असे माझे म्हणणे आहे.

पहिला प्रयोग केंद्र सरकारचा. १९८४-८५ मध्ये 'क्लास' या नावाने ओळखला जाणारा संगणक साक्षरता प्रकल्प सुरू झाला आणि ब्रिटनमधल्या एकॉर्न कंपनीने बीबीसीच्या संगणक साक्षरता प्रकल्पासाठी घडवलेला 'बीबीसी मायक्रो' भारतीय शाळांत आला. सरकारी नोंदीनुसार असे १२ हजार संगणक राज्यांमार्फत वाटले गेले. स्मृती ३२ किलोबाइटची. म्हणजे आज मोबाइलवर येणारे एखादे साधे छायाचित्रही तिच्यात मावणार नाही. तरीही ते यंत्र मजबूत होते आणि शिकवायला चांगले होते. काही शिक्षकांना थोड्या मुदतीचे प्रशिक्षण दिले गेले, आणि मदतीसाठी अभियांत्रिकी महाविद्यालये व तत्सम संस्थांत साधन केंद्रे नेमली गेली. अडचण अंतराची होती. यंत्र शाळेत, जाणकार शहरातल्या महाविद्यालयात, आणि दोघांमध्ये पोस्टाचे पत्र. शिकवण्याच्या पद्धतीविषयीचे मार्गदर्शन दुरून देता येते. आज सकाळी पडदा काळा का राहिला, याचे उत्तर आज सकाळीच आणि त्याच खोलीत हवे असते. योजनेत शिकवण्याचा विचार होता, देखभालीचा विचार उपकरणाच्या हमीपुरता होता, आणि शाळेच्या दैनंदिन कामकाजात अडलेल्या माणसाचा विचार नव्हता. पुढच्या प्रत्येक योजनेने हाच साचा उचलला.

शाळेच्या कार्यालयात संगणक आला तो या प्रकल्पातून नव्हे. तो मागच्या दाराने, नव्वदीच्या दशकाच्या उत्तरार्धात आणि त्यानंतर आला: संस्थेने देणगीतून घेतलेला, माजी विद्यार्थ्यांनी दिलेला, शहरातल्या दुकानात जोडून घेतलेला. तो हाताळायचा होता लिपिकाने. या लिपिकाने मराठी टंकलेखनाची मिनिटाला ३० शब्दांची परीक्षा दिलेली, बोटांना टंकयंत्राची सवय झालेली. त्याच्यापुढची पहिली मोठी अडचण मराठी अक्षरांची होती, आणि ती अडचण इथे सविस्तर सांगण्याजोगी आहे, कारण शाळेतली संगणक-मदत म्हणजे काय याचा तोच पहिला धडा होता. त्या काळी मराठी लिहिण्याची साधने इथल्याच माणसांनी मेहनतीने उभी केली होती. पुण्याच्या सी-डॅकचे काम आणि पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी ही त्यांतली ठळक नावे. पण प्रत्येक फाँटने देवनागरीचे तुकडे आपापल्या सोयीने रोमन अक्षरांच्या घरांत बसवले होते. 'सुरेख' फाँटमध्ये टंकलेले पत्र ज्या संगणकावर 'सुरेख' नाही तिथे उघडले की 'महाराष्ट्र'च्या जागी खुणा लावलेली रोमन अक्षरे आणि तुटक चिन्हे यांची एक अगम्य रांग दिसे. तालुक्याहून पत्र आले, ते फ्लॉपीतून उघडले, आणि मजकूर वाचताच येत नाही! फाइल बिघडलेली नसे, संगणकही ठीक असे. फाँटची फाइल आणून ती कंट्रोल पॅनेलमधल्या योग्य जागी ठेवायची, एवढाच उपाय होता. दोन मिनिटांचे काम, पण ते ठाऊक असलेला माणूस पंचक्रोशीत एखादा असायचा आणि सगळ्या शाळा त्याच्याकडे धाव घ्यायच्या.

सर्व भाषांच्या अक्षरांसाठी एकच संकेत ठरवणाऱ्या युनिकोडने हा गोंधळ मिटवायचा होता, आणि कालांतराने तो बराचसा मिटवलाही. पण मधल्या वर्षांत त्याने स्वतःची अडचण आणली. विंडोज एक्सपीमध्ये देवनागरी नीट जुळून दिसावी यासाठी प्रादेशिक भाषांच्या मांडणीत जाऊन एका चौकटीत खूण करावी लागे आणि मग संगणक मूळ सीडी मागे. शाळेकडे सीडी नसायचीच, कारण विंडोज दुकानदाराने टाकून दिलेले असायचे. मग वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला, जोडाक्षर फुटलेले, आणि वर पुन्हा नवी कळपाटी, म्हणजे इन्स्क्रिप्टची; टंकयंत्रावर घडलेल्या बोटांनी वर्षानुवर्षांची सवय मोडायची. शाळा सोडल्याचा दाखला हा कायमचा दस्तऐवज असतो. त्यावर मुलाचे नाव चुकीच्या जोडाक्षराने छापले गेले तर त्याची फळे त्या मुलाला नोकरीच्या वयापर्यंत भोगावी लागतात. त्यामुळे संगणक असूनही कित्येक लिपिकांनी दाखले हातानेच लिहिणे पसंत केले. त्यांना मागासलेले म्हणणे सोपे आहे. बेभरवशाच्या साधनावर त्यांनी मुलाचे नाव सोपवले नाही, आणि ते बरोबरच केले.

शासनाचे उत्तर होते साक्षरता. २००१ साली महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन स्थापन झाले, 'एमएस-सीआयटी' हा संगणकाचा अभ्यासक्रम आला, आणि तो सरकारी कर्मचाऱ्यांना व पाठोपाठ शिक्षकांनाही आवश्यक ठरला. ३१ डिसेंबर २००७ ही मुदत घालण्यात आली. तोवर प्रमाणपत्र न मिळवलेल्यांच्या वेतनवाढीचा आणि पुढे वसुलीचा प्रश्न वर्षानुवर्षे गाजत राहिला. या अभ्यासक्रमाने लाखो मराठी माणसांच्या मनातली संगणकाची भीती घालवली, आणि त्याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. पण त्यामागे एक गृहीतक होते: सगळे शिकले की कुणाला कुणाची मदत लागणार नाही. हे गृहीतक चुकीचे होते. वापरता येणे आणि अडल्यावर सोडवता येणे या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी एक अभ्यासक्रम पुरतो. दुसरीसाठी बिघाड रोज पाहावे लागतात, आणि ते शंभर वेगवेगळ्या यंत्रांवर पाहावे लागतात. मोठ्या बँका आणि कंपन्या संगणक-साक्षर माणसेच नेमतात, तरी त्यांच्याकडे मदतीचा वेगळा विभाग असतोच. त्याची गरज शाळेला नाही असे मानायला आधार कोणता होता?

एकदा मात्र माणूस मिळाला होता. केंद्र सरकारच्या 'आयसीटी' (माहिती व संप्रेषण तंत्रज्ञान) योजनेखाली २००७-०८ पासून महाराष्ट्रात तीन टप्प्यांत मिळून सुमारे आठ हजार माध्यमिक शाळांत संगणक कक्ष उभे राहिले. पद्धत 'बांधा, वापरा, हस्तांतरित करा' अशी होती. खाजगी कंपनीने कक्ष उभारायचा, पाच वर्षे चालवायचा, शिक्षक नेमायचा आणि मुदत संपली की सगळे शाळेच्या हवाली करून जायचे. कंपनीने तुटपुंज्या मानधनावर नेमलेला हा आयसीटी शिक्षक कागदोपत्री मुलांना शिकवण्यासाठी होता. पण शाळेत संगणक कळणारा माणूस आहे म्हटल्यावर कार्यालयातली, परीक्षा विभागातली आणि मुख्याध्यापकांच्या टेबलावरची प्रत्येक अडचण त्याच्याकडे जाणार, हे उघड होते. करार संपले तेव्हा यंत्रे शाळेकडे राहिली आणि माणसे घरी गेली. मुंबईच्या आझाद मैदानावर त्यांनी आंदोलने केली. त्यांचा प्रश्न बेरोजगारीचा मानला गेला आणि तसाच हाताळला गेला. शाळेच्या बाजूने त्याकडे पाहणारे फार थोडे होते. पाच वर्षे जुने संगणक, म्हणजे नेमके बिघडायच्या वयाला आलेले, ताब्यात आले त्याच दिवशी दुरुस्ती जाणणारा माणूस गेला. असा करार लिहिताना सहाव्या वर्षाचा विचार कुणी केलाच नव्हता. २०१८ च्या 'समग्र शिक्षा' योजनेतही आकडे तीच कथा सांगतात: शाळेमागे उपकरणांसाठी ६ लाख ४० हजार रुपयांपर्यंत एकरकमी, आणि चालू खर्चासाठी वर्षाला २ लाख ४० हजारांपर्यंत, तेही पाच वर्षे.

२०१५ साली 'सरल' ही माहिती प्रणाली आली आणि प्रश्न कार्यालयातून थेट वर्गात पोचला. तोवर संगणकाशी संबंध मुख्यतः माध्यमिक शाळांचा होता, जिथे लिपिक तरी असतो. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत लिपिक नाही. शिक्षण हक्क कायद्यानुसार साठपर्यंत पट असलेल्या शाळेला दोन शिक्षक. त्यांतला एक बहुधा मुख्याध्यापकाचे कामही पाहणारा. विद्यार्थ्यांची माहिती, शिक्षकांची माहिती, शाळेची यू-डायस माहिती, पोषण आहाराची रोजची संख्या, आधार जोडणी हे सगळे या दोघांच्या माथी आले. शिवाय भरलेल्या माहितीवर संचमान्यता, म्हणजे शिक्षकांची मंजूर पदेच ठरणार. दिवसा सर्व्हरवर ताण असायचा, म्हणून शिक्षक रात्री जागून माहिती भरत.

इथली एक साधी अडचण पाहा. 'सरल'मधला विद्यार्थी क्रमांक १९ अंकी. शिक्षकाने तो यादीसाठी एक्सेलच्या रकान्यात टाकला की आधी तो दशांशचिन्ह आणि 'ई' अक्षर असलेल्या आखूड रूपात दिसतो. रकाना रुंद करून, मांडणी बदलून तो पूर्ण उघडला, तर शेवटचे चार अंक शून्य झालेले असतात, कारण एक्सेल संख्येचे पंधराच अंक जपते. एका शाळेतल्या मुलांना एकमेकांपासून वेगळे करणारे अंक नेमके शेवटी असल्यामुळे वर्गातली कितीतरी मुले एकाच क्रमांकाची होऊन बसतात. गेलेले अंक परत मिळत नाहीत. उपाय आहे: अंक टाकण्यापूर्वीच रकान्याची मांडणी 'टेक्स्ट' करायची, किंवा क्रमांकाआधी वरचा स्वल्पविराम द्यायचा. जन्मतारखेचेही तेच. संगणकाची मांडणी अमेरिकी असेल तर ५ जून ही तारीख मुकाट्याने ६ मे होते, आणि १३ जून मात्र जशीच्या तशी राहते, कारण तेरावा महिना नसतो. त्यामुळे यादीवरून नजर फिरवणाऱ्याला सगळे ठीकच वाटते. ही चुकीची तारीख पुढे आधारशी जुळत नाही, मग विद्यार्थी अमान्य ठरतो, पट घटतो आणि पद धोक्यात येते. दोन मिनिटांत टळणारी गोष्ट एका शिक्षकाच्या बदलीपर्यंत जाऊ शकते.

याच सुमारास 'तंत्रस्नेही शिक्षक' हा शब्द शिक्षण खात्यात रूढ झाला. कार्यशाळा झाल्या, सत्कार झाले, जिल्हावार गट तयार झाले. या शिक्षकांनी जे केले त्याला तोड नाही. प्रत्येक नव्या पोर्टलवर पायरीपायरीने समजावणारी चित्रफीत कुणीतरी रात्रीतून बनवून टाकी. आसपासच्या शाळांच्या व्हॉट्सअॅप गटावर कुणीतरी अडलेल्याचा पडदा पाहून चूक दाखवी. कोरोनाच्या टाळेबंदीत दुसऱ्या तालुक्यातल्या संगणकाचा ताबा दुरून घेऊन कुणीतरी अर्ज भरून देई. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तो पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडच्या कामामुळे. अशा कामाची जमीन याच वर्षांत तयार झाली. पण तंत्रस्नेही ही आवड आहे, पद नाही. तिला वेतन नाही, वेळापत्रकात तास नाही, आणि तो शिक्षक बदलून गेला तर त्याच्या जागी दुसरा देण्याची कुणावर जबाबदारी नाही. तो ज्या वेळी शेजारच्या शाळेचा पासवर्ड सोडवत असतो, त्या वेळी त्याचा स्वतःचा वर्ग त्याची वाट पाहत असतो.

शाळेला मदतीचे कायमचे माणूस हवे, या म्हणण्यावर पहिला आक्षेप असा येतो की आता सगळे मोबाइलवर आले, यंत्रे सोपी झाली, अडचणच उरली नाही. यंत्र सोपे झाले हे खरे, पण त्याच वेळी यंत्रावर टांगलेल्या गोष्टी वाढल्या. पूर्वी संगणक बंद पडला तर एक पत्र उशिरा जाई. जानेवारी २०१८ मध्ये 'शालार्थ' ही वेतन प्रणाली कोलमडली तेव्हा राज्यभरच्या शिक्षकांचे पगार अडकले आणि पुढचे काही महिने ऑफलाइन देयके काढावी लागली. हा बिघाड कुठल्याही शाळेत सुटण्यासारखा नव्हता, हेही मान्य. उलट त्यातून दुसरा मुद्दा पुढे येतो: अडचण आपल्या संगणकाची, जोडणीची, की वरच्या सर्व्हरची, हे ओळखणे हेच अर्धे काम आहे. ते ओळखणारे कुणी नसले की शाळा सर्व्हरच्या दोषासाठी स्वतःच्या शिक्षकाला दोष देते आणि स्वतःच्या दोषासाठी सर्व्हर सुरू होण्याची वाट पाहत बसते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. शाळेची अडचण शिक्षकालाच कळते. बाहेरचा तंत्रज्ञ यंत्र ओळखेल, संचमान्यता ओळखणार नाही. यात तथ्य आहे, आणि केरळचा अनुभव त्याला दुजोरा देतो. तिथे २००१ साली 'आयटी अॅट स्कूल' सुरू झाले. शाळेतलाच एक शिक्षक आयटी समन्वयक म्हणून नेमला गेला, आणि जिल्ह्यात 'मास्टर ट्रेनर' ठेवले गेले. हेही मूळचे शिक्षकच, मात्र वर्गातून पूर्ण वेळ मोकळे केलेले. राज्यभर एकच मुक्त संगणक प्रणाली वापरल्यामुळे एका शाळेत सापडलेले उत्तर दुसऱ्या शाळेतही लागू पडते. २०१७ मध्ये या प्रकल्पाची 'काइट' ही सरकारी कंपनी झाली, आणि २०१८ मध्ये ४५ हजार वर्ग अद्ययावत करताना देखभालीची व तक्रार निवारणाची व्यवस्था त्याच योजनेत आखली गेली. केरळ लहान, दाट वस्तीचे राज्य आहे. मेळघाट किंवा अक्कलकुव्याचे अंतर त्याला ठाऊक नाही. तरी तिथली मुख्य गोष्ट उचलण्याजोगी आहे. मदत करणारा शिक्षक असू शकतो, फक्त ते त्याचे मान्य काम असले पाहिजे आणि त्यासाठी त्याला वर्गातून मोकळीक मिळाली पाहिजे.

पैसे कुठून आणायचे, हा शेवटचा प्रश्न. महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक शाळा आहेत. प्रत्येकीला तंत्रज्ञ देणे शक्य नाही आणि गरजेचेही नाही. पण जवळपासच्या शाळांचे गट करून त्यांची केंद्रे आधीच आखलेली आहेत आणि त्यांसाठी केंद्रप्रमुखांची ४,८६० पदे निर्माण झालेली आहेत. केंद्रामागे एक तंत्रसहाय्यक धरला तर त्याच्याकडे साधारण वीस-बावीस शाळा येतील, म्हणजे महिन्यातून एकदा प्रत्येक शाळेत पूर्ण दिवस. दरमहा २५ हजार रुपये धरले तर वर्षाचा खर्च १४६ कोटींच्या आसपास जातो. जे राज्य शालेय शिक्षणावर दरवर्षी हजारो कोटी रुपये खर्च करते, त्याला हा भार पेलणार नाही असे नाही. गटसाधन केंद्रात कंत्राटी एमआयएस समन्वयक आणि डेटा एंट्री ऑपरेटर आजही आहेत, पण त्यांचे काम माहिती गोळा करण्याचे. शाळेत जाऊन अडलेले सोडवणे हे त्यांच्या कामात बसत नाही, आणि एवढ्या शाळांना ते पुरणारही नाहीत. उलट सध्याची दिशा पाहिली तर डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयाने अनुदानित शाळांतल्या शिपाईवर्गाची नियमित पदे संपवून त्या जागी ठोक भत्ता आणला. सांभाळणारी माणसे कमी करत जाण्याचा प्रघात संगणकापासून सुरू झाला आणि आता तो झाडलोटीपर्यंत पोचला आहे.

धोरण बदलेल तेव्हा बदलेल. शाळा व्यवस्थापन समितीवर असणाऱ्या पालकांच्या आणि गावकऱ्यांच्या हातात मात्र आजही एक गोष्ट आहे. पुढच्या वेळी एखादी कंपनी, आमदार निधी किंवा माजी विद्यार्थी संघ शाळेला संगणक देऊ करील, तेव्हा आनंदाने स्वीकारा. पण स्वीकारण्यापूर्वी सहाव्या वर्षी तो कोण दुरुस्त करणार आणि त्याचे पैसे कोण देणार, हे समितीच्या इतिवृत्तात लिहून घ्या.